बोरी-बाभळींच्या जिल्ह्यात

संक्रांत दोन दिवसांवर आली की सोलापूरच्या लक्ष्मी मंडईत बोरांचे ढीग लागतात आणि एकाच फळाला तीन-तीन भाषांत गिऱ्हाईक येतं. मराठी बाई सुगडात घालायला मूठभर बोरं मागते. पूर्व भागातली पद्मशाली आजी ‘रेगी पळ्ळू’ विचारते, कारण भोगीच्या दिवशी नातवाच्या डोक्यावरून बोरं, फुलं आणि सुटे पैसे ओतायचे असतात. तेलुगू घरांत या विधीला भोगी पळ्ळूच म्हणतात. कन्नड घरांत तीच ‘बारी हण्णू’. मराठी घरांत हा सोहळा बोरन्हाण म्हणून संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत सवडीने उरकला जातो. काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि पाटावर बसवलेल्या पोरावर बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे यांचा मारा. आजूबाजूची पोरं ते वेचायला अशी तुटून पडतात की उत्सवमूर्ती भोकाड पसरते. तिकडे होम मैदानावर सिद्धेश्वराच्या गड्ड्याची यात्रा भरलेली असते.

मंडईतल्या त्या ढिगांकडे नीट पाहिलं तर पुढे मांडलेली लांबट, पिवळीधमक उमराण, गोलसर चेकनट आणि चमेली ही सगळी बागेतली. कडेला, बहुधा पोत्याच्या तुकड्यावर, तांबूस-तपकिरी चण्यामण्या बोरं असतात. एवढाली, की बी वगळली तर गर किती उरेल असा प्रश्न पडावा. तरी ती आधी संपतात. त्यांना जो आंबट-गोड, किंचित तुरट झणका असतो तो उमराणला नाही, हे सोलापुरात कुणी कुणाला समजावून सांगत नाही.

यातली बहुतेक चण्यामण्या कुणी लावलेली नसते. ती बांधावरून, ओढ्याच्या काठावरून, गायरानातून येते. सोलापूरचं नाव काढलं की डोळ्यांपुढे दुष्काळ, चादर, ज्वारी आणि शेंगाचटणी येते. रानमेवा म्हटलं की कोकणातली करवंदं-जांभळं, नाहीतर सह्याद्रीतली तोरणं-आळू. साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसाच्या, अकरा तालुक्यांच्या या पठारावर रानफळं कुठली, असं पुण्या-मुंबईच्या माणसाला वाटतं. प्रत्यक्षात सोलापूरच्या वालचंद महाविद्यालयातल्या वनस्पती-अभ्यासकांनी 2015 साली जिल्ह्याच्या वनस्पतींची जी यादी प्रसिद्ध केली, तिच्यात लावलेल्या आणि बाहेरून येऊन रुळलेल्या जातींसह अकराशेहून अधिक नावं आहेत. घनदाट जंगल नावालाही नसताना एवढी झाडं-झुडपं-वेली राहतात कुठे? मोठा हिस्सा राहतो तो दोन शेतांमधल्या त्या काही हातांच्या पट्ट्यात, ज्याला शेतकरी बांध म्हणतो आणि जिथे काटेरी झुडपं माजली की कुपाटी म्हणतो.

कुपाटीतलं फळ ओळखायचं तर फळाकडे सगळ्यात शेवटी बघायचं. शेळ्या राखणारी पोरं हे न शिकवता करतात. आधी काटा, मग पान, मग वेल आहे की झुडूप, महिना कोणता, आणि या सगळ्यानंतर फळाचा रंग. रंग हा या यादीतला सगळ्यात बेभरवशाचा साक्षीदार.

बोरीचंच घ्या. पान उलटून पाहिलं की देठापासून निघालेल्या तीन ठळक शिरा दिसतात आणि खालच्या बाजूला पांढुरकी लव लागते. वरून हिरवं, खालून पिठूळ असं पान बांधावर दुरूनही ओळखू येतं, कारण वारा सुटला की अख्खं झाड रंग बदलतं. काटे जोडीने येतात. एक सरळ, दुसरा मागे वळलेला. हात आत जाताना सरळ काटा टोचतो आणि बाहेर येताना वळलेला धरून ठेवतो. म्हणून बोरीत अडकलेला हात ओढायचा नसतो, उलट थोडा आणखी आत सारून मग सोडवून घ्यायचा असतो. झटका दिला की बाही फाटली. मोठ्या माणसांकडे त्यासाठी हत्यारं असतात: फांदी खाली खेचायला लांब काठीला बांधलेली आकडी, आणि तोडलेली काटेरी झाळ दाबून उचलायला दुबेळक्याचं लाकूड, म्हणजे बेळकं. फळं उतरवायची तर झाडाखाली जुनं लुगडं किंवा गोणपाट अंथरून फांद्या झोडपायच्या.

बोराटी ही बोरीची बुटकी बहीण. कमरेएवढं झुडूप, पानं लहान आणि गोलसर, दोन्ही बाजूंनी लवदार. चण्यामण्या या नावाखाली मंडईत जे विकलं जातं त्यात बोराटीची फळंही असतात आणि गावरान बोरीची खुजी फळंही; विकणारी बाई फरक सांगू शकते, पण गिऱ्हाईक विचारत नाही. राजस्थानात हिचा वाळवलेला पाला जनावरांसाठी साठवून ठेवतात. इकडे शेळ्या तो जागेवरच संपवतात. तिसरी येरुणी. ही वेलासारखी दुसऱ्या झुडपांवर चढते, काटे बहुधा एकेकटे आणि वाकडे, पान एका अंगाला तिरकं, फळ मिऱ्याहून थोडं मोठं, पिकल्यावर काळंभोर आणि चकचकीत, चवीला आंबट. चौथं घटबोर: पान बोरीचं, काटा बोरीचा, आणि फळ असं लाकडी की दात पडायचा. ते विषारी नाही, नुसतं निरुपयोगी. पूर्वी कातडं कमवायला वापरत. नवख्या माणसाची फजिती करण्यात मात्र त्याचा हात धरणारं दुसरं कुणी नाही.

सोलापूरच्या रानफळांचं वर्ष आषाढात सुरू होतं आणि त्याला पंढरपूरचा आशीर्वाद आहे. आषाढी एकादशीचा उपवास द्वादशीला सोडताना पानात वाघाटीची भाजी असावी, असा पश्चिम महाराष्ट्रातल्या कित्येक घरांचा रिवाज आहे. त्यासाठी त्या आठवड्यात बाजारात हिरवी, गोल, देठाळ फळं अचानक अवतरतात आणि तितक्याच अचानक नाहीशी होतात. वाघाटी ही मोठी काटेरी वेल. लिंबावर, बाभळीवर चढते. हिच्या पानाच्या बुडाशी दोन आखूड, आतल्या बाजूला वळलेले काटे असतात, नखं रुतवून बसलेले. उन्हाळ्याच्या तोंडाला फुलते तेव्हा फूल पांढरं असतं आणि मावळताना गुलाबी होतं. लांबलचक पुंकेसरांचा झुबका बाहेर आलेला असतो. फळ अतोनात कडू. ते कापून, बिया काढून, मिठाच्या पाण्यात उकडून, पाणी पिळून टाकून मग फोडणीत परततात. एवढं करूनही थोडा कडवटपणा राहतो, आणि तो राहायलाच हवा असं जाणकार म्हणतात. युरोपात ज्या केपरच्या कळ्या खारवून खातात, ते झुडूप वाघाटीच्याच कुळातलं. पंढरीच्या वाटेवरच्या वारकऱ्याला आणि इटलीतल्या स्वयंपाक्याला हे सांगितलं तर दोघांनाही सारखंच नवल वाटेल.

पाऊस जरा बरा झाला की बांधाच्या पायथ्याशी चिरबोट येते. कागदी कंदिलासारख्या पोकळ वेष्टनात एक छोटं गोल फळ. वेष्टन हिरवं असेपर्यंत हात लावायचा नाही, वाळून पिवळसर झालं आणि फळ आपोआप गळलं की खायचं. तिच्या शेजारीच बऱ्याचदा कामोणी. ही वांग्या-टोमॅटोच्या कुळातली, झुबक्यांनी लागणारी, पिकल्यावर काळी-जांभळी. पिकलेली पोरं खातात. हिरवी खाल्ली तर पोटात कळा आणि उलट्या, कारण कच्च्या फळात सोलॅनीन असतं. हिरव्या पडलेल्या बटाट्यात असतं तेच. त्याच कुळातली भुईरिंगणी जमिनीसरपट पसरते, जांभळं फूल, पानावरही काटे, आणि पिवळं गोल फळ दिसायला फार गोजिरं. ते औषधवाल्याच्या टोपलीत जातं, तोंडात नाही.

नवरात्रापासून पुढे पांढरफळी. नावाप्रमाणे मोत्याएवढी पांढरी फळं, चव फिकी-गोड, फांद्यांची टोकं काट्यासारखी. मग दिवाळी, आणि दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत बोरांचं राज्य. हुरड्याच्या दिवसांत आगटीच्या भोवती बसलेल्या मंडळींत कुणीतरी खिशातून बोरं काढतोच. उन्हाळा आला की नेपती, गोंदणी, भोकर, टेंभुर्णी. नेपतीला जवळजवळ पानंच नसतात, नुसत्या हिरव्या काड्यांचं जाळं आणि त्यावर विटकरी-तांबडी फुलं. राजस्थानातल्या घरांत ज्या ‘केर’चं लोणचं आणि केर-सांगरीची भाजी होते ते हेच फळ. आपल्याकडे मात्र नेपतीकडे फारसं कुणी बघत नाही, ही जिभेची गैरसोय आपणच करून घेतलेली आहे. भोकराचं लोणचं घरोघर होतं आणि पिकलेल्या भोकराच्या चिकट गराने पोरं पतंग चिकटवत. गोंदणीची फळं नारिंगी, आरपार दिसणारी, तोंडात धरली की ओठ चिकटवणारी. करवंदं आणि सीताफळं बालाघाटाच्या डोंगरांकडे, बार्शीच्या पलीकडे येडशी-रामलिंगच्या बाजूला वाढत जातात. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी याच भागातल्या सीताफळातून ‘एनएमके-1 गोल्डन’ हे वाण पुढे आणलं, जे आज देशभरातल्या बागांत आहे.

आता लाल फळांचं प्रकरण. पावसाळा सरला की एकाच कुपाटीवर तीन वेली एकमेकींत गुंतलेल्या सापडतात आणि तिघींचीही फळं-बिया लाल. पहिली रानतोंडली. पिकल्यावर लालभडक, मऊ, गोडसर. पोपट आणि पोरं दोघेही मागे लागतात. दुसरी शिवलिंगी. गोल, लाल, आणि अंगावर पांढरे पट्टे. वैदू तिच्या बिया ठेवतात, पण ती खायची नाही. तिसरी गुंज. ही फळ नाहीच, शेंग आहे. शेंग वाळून उकलली की आतल्या लाल बिया, टोकाला काळा ठिपका घेऊन, देठाला चिकटूनच राहतात.

फळ कच्चं, हिरवं असताना या तिघींचा निवाडा कसा करायचा? पान आणि तणाव पाहून. तोंडलीचं पान गुळगुळीत, पाच कोनांचं, आणि आधार शोधत जाणारा तणाव एकच, न फाटलेला. शिवलिंगीचं पान खरखरीत, पाच बोटांत खोल चिरलेलं, आणि तणाव टोकाशी दुभंगलेला. गुंजेला तणावच नाही; ती स्वतःच पिळे घेत चढते आणि तिचं पान चिंचेच्या पानाच्या जातीचं, बारीक पर्णिकांचं. एवढ्या तीन खुणा एकदा बोटांनी चाचपल्या की पुन्हा चूक होत नाही. गुंजेच्या बाबतीत चूक परवडणारीही नाही. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, असं ज्या बियांनी पिढ्यान्‌पिढ्या सोनं तोललं, त्याच बियांत अॅब्रिन हे अतिशय जहाल विष आहे. अख्खी बी गिळली तर कठीण कवचामुळे ती बहुतेक वेळा तशीच बाहेर पडते. चावली किंवा कुटली तर जीव जाऊ शकतो. खेळण्यातल्या माळांत आणि खुळखुळ्यांत अजूनही गुंजा दिसतात. त्या तिथे नसाव्यात.

तरीही ग्रामीण दवाखान्यांत गुंजेपेक्षा जास्त पोरं आणते ती चंद्रज्योत, म्हणजे मोगली एरंड. ‘चंद्रज्योतीच्या बिया खाल्ल्याने विद्यार्थ्यांना विषबाधा’ ही बातमी महाराष्ट्रातल्या कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यातून दरवर्षी वाचायला मिळते, आणि तिचा साचा ठरलेला असतो: मधली सुट्टी, शाळेचं कुंपण, शेंगदाण्यासारखी लागणारी बी, मग तासाभरात उलट्या-जुलाब. कुंपणाला चंद्रज्योत लावतात कारण शेळी तिला तोंड लावत नाही. शेळी का तोंड लावत नाही, हा प्रश्न लावणाऱ्याला पडत नसावा. 2003 नंतर जैवइंधनाच्या उत्साहात देशभर हिची लागवड करायच्या योजना निघाल्या. तेलाचं फारसं काही जमलं नाही, झुडपं उरली. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नये, पोराला थेट दवाखान्यात न्यावं आणि ज्या झाडाचं खाल्लं त्याची फांदी-फळ सोबत घ्यावं. डॉक्टरचं निम्मं काम तिथेच होतं.

गावोगाव फळ पारखायचे काही ठोकताळे सांगितले जातात आणि त्यातले बरेचसे धोक्याचे आहेत. ‘पक्ष्यांनी टोचलेलं फळ बिनघोर खावं’ हा सगळ्यात लाडका. पण पिवळ्या कण्हेरीची, म्हणजे बिट्टीची फळं कोकीळ मजेत खाते आणि तिला काही होत नाही. माणसाचं हृदय मात्र त्यातल्या विषाने बंद पडू शकतं. ‘दूध निघालं की फळ वाईट’ हा दुसरा. शेर, रुई, कण्हेर यांना तो लागू पडतो, पण करवंदाला दूध असतं, उंबरालाही असतं, आणि दोन्ही आपण खातो. ‘कडू ते विषारी’ म्हणावं तर वाघाटीला काय म्हणणार? घाणेरीची काळी पिकलेली फळं पोरं सर्रास खातात, तिचीच हिरवी फळं बाधतात आणि पाला खाऊन गुरं आजारी पडतात. त्यामुळे नियम शेवटी एकच उरतो: झाड नावानिशी ओळखत असाल, कुठल्या महिन्यात त्याचा कुठला भाग खातात हे माहीत असेल, तरच. बाकी सगळं नशीब.

एक फळ असं आहे की जे सोलापूरच्या वृद्ध माणसांच्या बोलण्यात येतं आणि बांधावर आता क्वचित दिसतं. फड्या निवडुंगाचं बोंड. मूळचा अमेरिकेतला हा निवडुंग दख्खनच्या कुपाट्यांवर इतका माजला होता की गावात शिरायची वाट त्याच्या भिंतींमधून जाई. त्याचं लालजांभळं बोंड खाणं हा एक विधीच होता. अंगावर बारीक, डोळ्याला न दिसणारी कुसं असतात. बोंड काटकीने तोडून आधी धुळीत नाहीतर गोणपाटावर लोळवायचं, किंवा विस्तवावर फिरवायचं, मग साल काढून आतला रक्तासारखा गर खायचा. घाई केली तर जिभेत कुसं. दुष्काळात त्याचेच फडे भाजून, काटे जाळून जनावरांपुढे टाकत.

त्याच्या उच्चाटनाची कथा साहेबाच्या एका घोटाळ्यापासून सुरू होते. 1795 साली कंपनी सरकारने किरमिजी रंग देणारा किडा म्हणून ब्राझीलहून जो आणवला तो भलताच निघाला. रंग मिळाला नाही, पण त्या किड्याने निवडुंगाची एक जात फस्त केली. फड्या निवडुंगावर मात्र त्याची मात्रा चालली नाही. मग 1926 मध्ये श्रीलंकेहून दुसरा किडा दक्षिण भारतात आणला गेला आणि त्याने फड्याचाही फडशा पाडला. किड्याने तण मारायचे जगातले जे पहिले मोठे प्रयोग सांगितले जातात, त्यांत या दोन्हींची गणना होते. शेतकरी सुटला. पोरांच्या ओठांचा लाल रंग गेला तो गेलाच.

निवडुंगानंतर कुपाट्यांना जागा दिली ती सरकारी बांधबंदिस्तीने. सोलापूरला कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचा इतिहास मोठा आहे. 1930 च्या दशकात देशात जी मोजकी केंद्रं त्यासाठी निवडली गेली त्यांत सोलापूर होतं, आणि ना. वि. कानिटकरांच्या कामातून ‘मुंबई पद्धतीची कोरडवाहू शेती’ इथेच आकाराला आली. 1942 साली मुंबई प्रांताने जमीन सुधारणा योजना कायदा केला आणि समपातळी बांधांची कामं दख्खनभर निघाली. पुढे 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर लाखो माणसांनी सुकडी खाऊन पुन्हा बांध घातले, नाले अडवले. माती वाहून जाऊ नये म्हणून घातलेल्या या उंचवट्यांवर नांगर फिरत नव्हता. पक्ष्यांनी आणि कोल्ह्यांनी टाकलेल्या बिया तिथे रुजल्या. अशा रीतीने दुष्काळाच्या मजुरीने, कुणाच्याही मनात नसताना, शेकडो कोसांची फळबाग उभी राहिली.

आता ती आक्रसते आहे. बांध कोरणं हा महाराष्ट्राच्या खेड्यांतला जुना कज्जा. दरवर्षी नांगराचं एक तास पुढे सरकवायचं आणि शेजाऱ्याशी कोर्टात भांडायचं. पूर्वी बैलाच्या नांगराला बोरीचं खोड चुकवावं लागे. जेसीबीला लागत नाही. उजनीचं पाणी आलं, ऊस आला, जमिनीची किंमत वाढली आणि हातभर बांधही डोळ्यांत खुपू लागला. काट्यांची वई जाऊन तारेचं कुंपण आलं. ओढ्यांच्या काठी वेडी बाभूळ शिरली, जिच्याखाली दुसरं फारसं काही वाढत नाही. इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धानंतर यांत्रिक शेतीपायी हजारो मैलांच्या कुपाट्या उखडल्या गेल्या, तेव्हा तिथे 1997 मध्ये जुन्या कुपाट्या परवानगीशिवाय काढू नयेत असा नियम करावा लागला. आपल्याकडे बांधाच्या मालकीवर कायदा आहे, वादही भरपूर आहेत. बांधावर काय उगवतं याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. जैवविविधता कायद्याखाली गावोगाव लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. ती मनापासून केली तर कामोणी-येरुणीला निदान कागदावर तरी जागा मिळेल. कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव ऑगस्टमध्ये होतात, तेव्हा बोरं फुलोऱ्यातही धड आलेली नसतात.

ही फळं माणसांइतकीच इतरांचीही आहेत. नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 साली जाहीर झालं तेव्हा कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं होतं. पुढे ते साधारण बाराशेवर आलं. माळढोक कीटक खातो, तसं धान्य आणि फळंही खातो, आणि त्याच्या फळांच्या यादीत बोराटी ठळक आहे. आज सोलापूरच्या माळावर माळढोक दिसणं जवळपास संपल्यात जमा आहे. बोराटी आहे, खाणारा नाही. कोल्हा आणि खोकड मात्र हिवाळ्यात रात्री बोरींखाली फिरतात. सकाळी पायवाटेवर त्यांच्या विष्ठेत बोरांच्या बिया सापडतात, आणि त्या पुन्हा कुठल्यातरी बांधावर रुजतात. अभयारण्याच्या हद्दीत फळ तोडून नेणं वन्यजीव कायद्यात बसत नाही, हे नान्नजला हौसेने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

मारुती चितमपल्लींचा जन्म 1932 चा, याच सोलापुरातला. वनखात्यातली बरीच हयात नवेगाव, नागझिरा, मेळघाटच्या जंगलांशी जोडली गेली, पण 2006 चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सोलापुरात भरलं तेव्हा अध्यक्ष म्हणून ते आपल्याच गावी आले, आणि आयुष्याच्या अखेरीस इथेच परतले. 2025 साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. जंगलाला नावानिशी ओळखणं हे त्यांनी मराठी वाचकाला शिकवलं. असा माणूस सोलापूरसारख्या उघड्या-बोडक्या गावात निपजला याचं आश्चर्य वाटणाऱ्यांनी एकदा इथल्या कुपाटीत डोकावावं.

बागेतल्या बोराचं आणि रानातल्या बोराचं नातं अजून तुटलेलं नाही. उमराण असो की चेकनट, त्यांच्या मुळाशी गावरान बोरच असते. गावरान बोरीची बी लावायची, रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की पावसाळ्याच्या तोंडाला त्यावर हव्या त्या वाणाचा डोळा भरायचा. कधी बांधावरची जुनी बोर खोडापासून छाटून तिच्या नव्या फुटव्यांवरच डोळे भरतात. मुळं आधीच खोल गेलेली असल्याने असं झाड पाण्यावाचून तगतं. 1990 च्या सुमाराला रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि सांगोला, मंगळवेढा, करमाळा या बाजूच्या माळांवर बोर-डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. पुण्याच्या मार्केट यार्डात हंगामात येणाऱ्या बोरांच्या गोण्यांवर बहुतेक करून सोलापूर जिल्ह्याचीच गावं असतात. नंतर डाळिंबाने पैसा दिला, अॅपल बोर आली, पुष्कळ बोरी तुटल्या. फुटव्याच्या डोळ्याखालून गावरान कोंब मात्र दरवर्षी वर येतो आणि छाटला नाही तर काही वर्षांत उमराणच्या जागी चण्यामण्या लागायला लागते. माळी याला वैतागतात. पोरांची तक्रार नसते.

दिवाळीच्या सुमाराला पहिली बोरं रंग धरू लागतात. हिरवी बोरं त्याआधीच पाडली जातात, पण त्यांनी फक्त घसा धरतो. पिवळं होऊन त्यावर तांबूस छटा चढली आणि दाबल्यावर किंचित दबलं की खरं पिकलं. पूर्ण सुरकुतलेलं, झाडावरच वाळायला लागलेलं बोर सगळ्यात गोड. तीच उन्हात घालून, बी काढून, कुटून बोरकूट होतं, मीठ-तिखट-गूळ घातलेलं. शाळेच्या फाटकापाशी कागदाच्या पुडीत मिळणारं ते हेच. तोंडात टाकण्याआधी बोर दोन बोटांनी फोडून पाहावं. बोराची फळमाशी कोवळ्या फळातच अंडी घालते आणि बाहेरून पत्ता लागत नाही. देठाजवळ एखादा खड्डा किंवा फळाचा वेडावाकडा आकार हीच काय ती खूण. माशीची अळी पुढे झाडाखालच्या मातीत कोषात जाते, म्हणून बागायतदार उन्हाळ्यात बोरीखालची जमीन नांगरून तापवतात. बांधावरच्या बोरीखाली कोण नांगरणार? तिच्या दहा बोरांतली दोन-तीन अळीसाठीच धरावीत, आणि गोणपाट नेताना जरा मोठं न्यावं.